सवाल तेवढा टाक

आमचं दुकान रत्नागिरीत एसटी स्टँडच्या समोरच्या ओळीत होतं. वडील कॅसेट विकायचे. गिऱ्हाइकाला हवं ते गाणं मधूनच काढून ऐकवायची त्यांची पद्धत नव्हती. कोणी म्हटलं, जरा तिसरं गाणं लावा, की म्हणायचे, "तू मासळी घेऊन ये जा, तोवर तिसरं येईल." लोक हसायचे आणि खरंच जाऊन यायचे. एकदा लांज्याकडच्या एका गृहस्थानं जाखडीची कॅसेट परत आणली. एका बाजूला आमचा शाहीर आहे ते ठीक, म्हणाला, पण दुसऱ्या बाजूला तो तुरेवाला कशाला भरलाय? वडील म्हणाले, "मग कातर देऊ का?"

कातर पुढे मी चालवली.

ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धंही मी माझ्या सोयीनं निवडून सांगितलेलं आहे. मी मुळात कमी बोलणारा. लोकांना वाटतं, शांत माणूस आहे. तसं नाही ते.

जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गणपतीत आमच्या गावांतून शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पार्ट्यांचा सामना होतो. पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात, मधे शाहीर गातो. आधी गण, मग गौळण, मग सवाल. सवाल करताना शाहीर समोरच्याची कुळी काढतो, घरातलं उणंदुणं काढतो, मेलेल्या माणसांनाही सोडत नाही. त्याचा राग कोणी धरत नाही, कारण समोरचा उठून जवाब देणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. जवाब मात्र आला पाहिजे. तो आला नाही तर शाहीर हरला, आणि विचारलेलं सगळं खरं होतं असं वाडी धरून चालते. मग वर्षानुवर्षं, लग्नाच्या बोलणीत, बांधाच्या भांडणात, एवढंच म्हटलं तरी पुरतं की त्याला जवाब देता आला नव्हता.

माझा मामा पूर्णगडचा, आईचा धाकटा भाऊ. तुऱ्याकडून गायचा. आवाज बरा होता, फार मोठा नव्हता. पोट मासळीवर. त्याची आणि त्याच्या लहानपणापासूनच्या दोस्ताची मिळून एक इंजिनाची होडी होती. एका वर्षी नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी दर्या निवला नव्हता. बाकीचे थांबले, हे दोघे गेले. परत आला तो मामा एकटा. खाडीच्या तोंडाशी लाटेत दोस्त बाहेर फेकला गेला, एवढंच तो सांगू शकला. प्रेत लागलं नाही.

मग बोलणं सुरू झालं. होडीच्या वाट्यावरून दोघांचं वाजलं होतं म्हणे. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. फक्त मामाच्या होडीत बसायला दुसरा माणूस मिळेना. आज अंग दुखतंय, उद्या मेव्हणा येणार आहे, परवा बघू. लहान होडीला दुसरा माणूस लागतोच. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं जाळं. आणि खाडीच्या तोंडाशी वाळू साचून लाट उभी राहते तिथं तर एकट्याचं काम नव्हे. मामाची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली राहिली. तिच्यात पाणी साचायचं, ते तो रोज उपसायचा. निघायचं असल्यासारखं.

तो शहरात यायचा तेव्हा दुकानात बसायचा. चहा घ्यायचा. एकदा म्हणाला, "भाच्या, मला बाकी काय नको. होडीत दुसरा माणूस पायजे."

त्याच्यासमोर शक्तीकडून गाणारा शाहीर होता, त्याच वाडीतला, मुंबईत नोकरीला. सामन्यात एकमेकांचे कपडे उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी एका ताटात जेवायचे असे हे दोघे. तो शिमग्याला आला होता तेव्हा त्यानंच सुचवलं. माझ्या दुकानात, माझ्यासमोर.

"मी सवाल करतो," शाहीर म्हणाला. "सरळ विचारतो. दोघं गेलात, एकटा कसा आलास. तू जवाब दे. सगळा दे. काय लपवू नको."

"सभेत माझा गळा बंद होतो," मामा म्हणाला. "तुला म्हायत हाय. मी प्रयत्न केला नाय काय?"

"मग सभेत नको. कॅसेट काढू. खोलीत बसून गायचं, समोर कोण नाय. मग ऐकू देत वाडीला."

"जल्ला मेला तुझा सवाल," मामा म्हणाला, पण हसला. मग मला म्हणाला, "काकीनं पण हेच सांगितलन. सभेत सांग म्हणाली."

काकी म्हणजे त्या गेलेल्या दोस्ताची आई. मामाच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. तिचं हे वाक्य मी तेव्हा धमकीसारखं ऐकलं.

कॅसेट काढायची असं आम्ही म्हणायचो, पण तोवर कॅसेट गेल्या होत्या, सीडी होती. शहरात एकाच्या घराच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती, तिथं दोघांनी गाऊन घेतलं. मुखपृष्ठावर दोघांचे फेटे बांधलेले फोटो. मागं गाण्यांची नावं एकाखाली एक: गण, गौळण, सवाल, जवाब, आणि शेवटी दोघांनी मिळून म्हटलेली आरती. खोकी माझ्या दुकानात आली. शाहिरानं स्वतःसाठी एक सीडी घेतली आणि मुंबईला गेला. मामाला मी एक देऊ लागलो तर त्यानं हात मागं घेतला. "माझा आवाज मला ऐकवू नको. लोकांना ऐकव."

आता त्या दिवसांबद्दल. वडील जाऊन दोनेक वर्षं झाली होती आणि दुकान मी मोबाइलचं करून टाकलं होतं. सीडी कोणी मागत नव्हतं. लोक फोनमधलं कार्ड काढून नखाएवढा तुकडा काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "भरून दे." काय भरू? "नाचायची भर. आणि ह्यांच्यासाठी दोन-चार भजनं." माझ्या कॉम्प्युटरवर गाण्यांची फोल्डरं होती. अमक्या अल्बममधलं चौथं, तमक्यातलं दुसरं. बाकीची गाणी मी ठेवायचोही नाही, जागा खायची. गाणं कुठून आलं, त्याच्या आधी काय होतं, नंतर काय, हे ना गिऱ्हाइकाला हवं होतं ना मला. एक माणूस नुसत्या आरत्यांची सुरुवात भरून न्यायचा. म्हणायचा, "पुढची पाठ हाय, सुरुवात कुठली तेवढं कळलं की झालं." दिवसभर ही गंमत चालायची आणि धंदा बरा होता.

मामाची सीडी मी कॉम्प्युटरवर घेतली आणि दुकानाच्या स्पीकरवर लावली. गण झाला, गौळण झाली. सवाल सुरू झाला तसे रस्त्यावरचे लोक थांबले. शाहिराचा आवाज चढा, ढोलकी अशी की पाय आपोआप हलावा.

दोन गडी गेले दर्याला, एकच फिरून आला गं,
सांग शाहिरा सभेत आता, दुसरा कुठं ठेवला गं?

एक टेम्पोवाला आत आला. "शेट, हे काय हाय? हे टाक माझ्यात."

"अख्खी सीडी आहे," मी म्हटलं.

"सीडी काय टेम्पोला लावू? सवाल तेवढा टाक."

मी टाकला. तो गेल्यावर दुकानात कोणी नव्हतं. तेव्हा मी जवाब ऐकला.

जवाबाला ढोलकी नव्हती. एक पेटी आणि मामाचा आवाज. लांब होता. मधे मधे तो थांबत होता आणि पेटी वाट बघत होती. त्यानं सगळं सांगितलं होतं. लाट कशी आली, दोस्त कसा बाहेर गेला, त्याचा हात कसा मिळाला. आणि मग हे:

हात होता हातात माझ्या, लाट होती उरावर,
मीच फिरवली होडी बाबा, मीच आलो तीरावर.

ढकललं नव्हतं. भांडण नव्हतं. तो घाबरला होता. दुसरी लाट येताना दिसली, हात सोडला, होडी फिरवली. मागून आलेली हाक ऐकली, हेही त्यानं गायलं होतं.

लोक सीडी मागत नव्हते, फक्त सवाल मागत होते, मी काय करणार, असं मी बायकोला सांगितलं आहे. ते खोटं नाही. पण तो जवाब मी त्याच दिवशी कॉम्प्युटरवरून पुसला. कोणी मागू नये म्हणून. काउंटरपलीकडचे लोक मला त्याचा भाचा म्हणून ओळखत होते. त्यांना संशय होता तोवर ते माझ्याशी हसून बोलत होते. आपला मामा बुडत्या दोस्ताचा हात सोडून आला हे त्याच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं, तर? संशय परवडेल, खात्री परवडणार नाही, असा माझा हिशोब. आणि सवाल ठेवला, कारण तो चालत होता. दुकानाला गर्दी होती. गर्दी मला आवडत होती. खोकी मी माळ्यावर टाकली. कोणी म्हाताऱ्यानं सीडी विचारलीच तर सांगायचो, संपली.

गणपतीला चाकरमानी आले आणि ते गाणं सुटलं. एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या, ब्लूटूथनं, माझ्या दुकानाशी संबंधही राहिला नाही. रिक्षात तेच, मिरकरवाड्याच्या जेटीवर तेच, रिंगटोनला तेच. लोकांना ते कोणाबद्दल आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. पूर्णगडात मात्र सगळ्यांना माहीत होतं. तिथं ते वाजायला लागलं की बोलणारा माणूस बोलायचा थांबायचा, शेवटपर्यंत ऐकायचा, आणि शेवटी काही येत नाही हे बघून पुन्हा बोलायला लागायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे. गाणं संपल्यावरची ती जागा मला अजून ऐकू येते.

मामा दुकानात आला. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"ऐकतायत ना लोकं?"

"ऐकतायत मामा. सगळीकडे वाजतंय."

"ते मी पण ऐकलं, सवाल. एसटीत लावला होतान एकानं. मी उतरलो मधेच. पुरं ऐकवत नाय मला." मग पुन्हा, "पुरं ऐकतायत ना?"

"पुरं ऐकतायत," मी म्हटलं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या अंगाला मासळीचा वास येत नव्हता. कित्येक महिने येत नव्हता.

"मग आज जातो काकीकडं आरतीला," तो म्हणाला. "तू पण चल."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

दोस्त गेल्यापासून त्या घरी मामा गणपतीला गेलेला नव्हता. आम्ही दोघं गेलो तेव्हा संध्याकाळची आरती व्हायची होती. बाहेर खळ्यात माणसं, आत बायका, पोरं झांजा घेऊन तयार. शाहीर नव्हता, त्या वर्षी त्याला रजा मिळाली नव्हती. मामा दारात चपला काढत होता आणि कोणाच्या तरी खिशात फोन वाजला. दोन गडी गेले दर्याला. त्या माणसानं घाईघाईनं बटणं दाबली, आवाज आणखी मोठा झाला, मग बंद पडला. कोणी हसलं नाही.

म्हातारी गणपतीच्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, "आलास?"

"आलो, काकी."

"उभा रहा तकडं. मधे." मग सगळ्यांकडे बघून, चांगली मोठ्यानं, "आता जवाब दे."

मामानं मान वर केली. "दिलाय मी, काकी."

घरात कुजबूज झाली. कधी? कुठं दिला? एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "जवाब हाय काय त्याचा?" शेजाऱ्यानं ओठ बाहेर काढून मान हलवली. मामाला हे सगळं दिसत होतं. त्याला काय वाटलं असेल ते मला आज नीट कळतं. आपण आपलं काळीज काढून गायलो, ह्यांनी ते ऐकलं, आणि ऐकूनही हे विचारतायत, कुठाय जवाब.

"दे," म्हातारी पुन्हा म्हणाली. "हितं दे. मी बसल्ये."

त्याचा गळा हलताना दिसला. आवाज आला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मागंच होतो, खांबाला टेकून. एक वाक्य पुरलं असतं. जवाब आहे, माझ्या माळ्यावर खोक्यात आहे, मी तुम्हाला ऐकवला नाही. एवढंच. तोंड उघडायला वेळ भरपूर होता, कारण सगळं घर गप्प होतं.

मी गणपतीकडे बघत राहिलो.

मामानं चपला हातात घेतल्या आणि तो अनवाणी निघाला. मी मागून गेलो. रस्त्यावर त्यानं विचारलं, "लोकांनी पुरं ऐकलं, खरं ना?"

"हो."

"मग असं का केलन?"

इथंही परत फिरता आलं असतं. मी म्हणालो, "ऐकलं मामा. पण पटलं नाही लोकांना."

तो उभा राहिला. मग म्हणाला, "होय. कसं पटंल?" आणि चालायला लागला.

त्यानंतर त्यानं कोणाला काही समजावलं नाही. शाहिरानं मुंबईहून फोन केला तर त्यालाही तेच सांगितलंन, ऐकून पटलं नाय लोकांना, विषय सोड. शाहिरानं वाडीवर राग धरला, गाणं सोडलं. इतकी वर्षं तो माणूस वाडीतल्या लोकांना दगड समजत होता.

आणि मामा एकटा होडी काढायला लागला. आधी खाडीतल्या खाडीत. मग तोंडाशी. मग बाहेर. लोक किनाऱ्यावरून बघायचे. आईनं निरोप पाठवले, मी स्वतः जाऊन सांगितलं, एकट्यानं जाऊ नको. तो म्हणायचा, "दुसरा दे, मग नाय जात." ह्यावर मी काय बोलणार होतो? मी होडीत बसणारा नव्हे, मला पाण्याची भीती. जो बसला असता तो माझ्या माळ्यावरच्या खोक्यामुळे बसत नव्हता.

काही वर्षं गेलं ते निभावून. एवढी, की मला वाटायला लागलं होतं, निभावेल. मग एका सकाळी जेटीवरच्यांना त्याची होडी खाडीच्या तोंडाशी दिसली. इंजिन चालू होतं. होडी गोल गोल फिरत होती, एकाच जागी, आणि तिच्यात कोणी नव्हतं. इंधन संपेपर्यंत ती तशीच फिरत राहिली, जवळ जायचं धाडस कोणाला झालं नाही. मामा नंतर खाली वाळूवर मिळाला. पायाला जाळ्याची दोरी गुंतलेली होती. मोठ्या होड्यांवर तांडेल म्हणून आयुष्य काढलेला एक म्हातारा मला म्हणाला, "काय नाय रे, दोरी अडकली, ओढला गेला. दुसरा असता तर कापली असती दोरी. एवढंच काम होतं."

मी मान हलवली.

दुकान आता नाही. म्हणजे आहे, पण गाणी भरायला कोणी येत नाही, फोनची कव्हरं आणि काचा विकतो. गाणी लोकांच्या हातात आपोआप येतात. पूर्वी निदान कोणाला तरी कार्ड घेऊन माझ्यापर्यंत यावं लागायचं, आता तेही नाही. ह्या उन्हाळ्यात माझी मुलगी कॉलेजच्या सुटीत घरी होती. ओट्याशी उभी राहून फोनवर काहीतरी बघत हसत होती. आणि मी ते ऐकलं. दोन ओळी, फक्त दोन, खाली कुठलासा नवा ठोका घातलेला, आणि त्यावर कोणी पोरं बीचवर नाचतायत, एक जण दुसऱ्याला वाळूत पुरतोय.

"बाबा, हे पूर्णगडचं आहे म्हणे. आजीच्या माहेरचं. मग दुसरा कुठं ठेवला होता?"

"पुढचं लाव," मी म्हटलं.

"पुढचं नाहीये. मी शोधलं. एवढंच आहे सगळीकडे." मग माझ्याकडे बघून, "काय झालं? बसा ना."

मी बसलो. तिला म्हणालो, ऊन लागलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी माळ्यावर चढलो. खोक्यांना वाळवी लागली होती, पण सीडी प्लास्टिकच्या डबीत असते. मुलीच्या जुन्या लॅपटॉपला सीडीची फट होती. तो आणि एक सीडी घेऊन मी पूर्णगडला गेलो. दुपारची वेळ. वाडीत माणूस दिसेना. निम्मी घरं कुलपात, गणपती-शिमग्याला उघडणारी. म्हातारी पडवीत बसून कोकमं फोडत होती. ऐंशीच्या पुढं गेली असेल, पण ऐकू चांगलं येत होतं.

"हकडं बस," ती म्हणाली. कोण आलंय हे विचारलंन नाही.

मी म्हटलं, आजी, तुम्हाला एक ऐकवायचं आहे, आणि लावलं. पहिल्यापासून लावलं. गण झाला. गौळण झाली. तिचे हात चालू होते. सवाल आला तेव्हाही चालू होते. तो संपला, जवाबाची पेटी सुरू झाली, तेव्हा थांबले. रस कोपरापर्यंत ओघळला होता, तो तिनं पुसला नाही. मामाचा आवाज इतक्या वर्षांनी त्या पडवीत आला आणि मला पायाखालची जमीन ओली झाल्यासारखी वाटली. हात होता हातात माझ्या. शेवटची आरती संपेपर्यंत ती गप्प होती.

मग मी सांगितलं. सगळं, खोक्यासकट. रस्त्यावर मी मामाला काय म्हणालो तेही.

ती म्हणाली, "मला म्हायत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्यानं हात सोडलान ते. त्याच दिवशी येऊन सांगितलंन मला, ह्याच पडवीत. ओला होता. पायावर डोकं ठेवलंन." ती बोलता बोलता पुन्हा एक कोकम उचलून बघत होती. "मी म्हटलं, माझा गेला. तू पण जा म्हणू काय? दोघं मेले असते तर माझा आला असता? मला सांगितलंस, झालं. पण वाडीला सांग, नायतर तुझ्याबरोबर होडीत कोण बसायचा नाय."

तिनं ते कोकम फोडलं.

"आरतीला मी त्याला उभं केलं ते त्याच्यासाठी," ती म्हणाली. "तो बोलला असता की मी म्हणणार होते, झालं, आता उद्यापास्नं ह्याच्या होडीत माझा पुतण्या बसंल. पुतण्याला सांगून ठेवलं होतं मी. तो तयार होता." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू मागं उभा होतास. खांबाकडं."

"हो."

"मला वाटलं, भाचा हाय, बोलंल त्याच्यासाठी काय तरी."

आत कुठंतरी कुकरची शिटी झाली. तिच्या पुतण्याची बायको डोकावून गेली, चहा विचारला, म्हातारीनं माझ्यासाठी नको म्हणून सांगितलंन. मी लॅपटॉप मिटला. सीडी तिच्यापुढे ठेवली तर म्हणाली, "हे माझ्याकडं काय करू? माझ्याकडं यंत्र नाय. आणि मला कशाला, मी ऐकलेलं हाय."

"मग काय करू, आजी?"

"गणपतीला सगळे येतील मुंबईचे. आरतीला ये. मधे उभा रहा."

मी म्हटलं, मला गाता येत नाही.

"त्याला पण त्या दिवशी येत नव्हतं," ती म्हणाली.

गणपती आता जवळ आलेत. शाहीर रिटायर होऊन गावातच असतो, गुडघे गेलेत, गाणं सोडलेलंच आहे. म्हातारीनं त्याला बोलावून सगळं सांगितलं असं कळलं. मला वाटलं होतं तो दुकानावर येईल, शिव्या घालील, निदान फोन तरी करील. काहीच केलं नाही त्यानं. काल पूर्णगडाकडून आलेल्या एका रिक्षावाल्याच्या हाती निरोप तेवढा आला. रिक्षावाल्याला त्यातलं काही कळलेलं नव्हतं, तो आपला हसत सांगत होता, काय शेट, तुम्ही पण गाता काय, कधी बोलला नाहीत?

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शेटना सांग, इतक्या वर्षांनी बसून सवाल बांधलाय. ढोलकीवाला पण ठरवलाय."

मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती ह्या वर्षी आरतीला येणार म्हणते.